घरातली भाटी गेल्यावर तिची आठवण कशी राखावी?

आगरवाडी (धागाकर्ती)

घरातले मांजर गेल्यावर काय करायचे असते, याविषयी आपल्याकडे ठरलेले असे काहीच नाही, आणि हा धागा काढण्यामागचे कारण तेवढेच आहे. माणूस गेले तर दहावे, बारावे, वर्षश्राद्ध असते. गाय किंवा बैल गेला तर शेजारीपाजारी खळ्यात येऊन बसतात, कारण त्यात त्या घराचे नुकसान आहे हे सर्वांना दिसते. मांजराच्या बाबतीत मात्र ‘वय झाले होते तिचे’ एवढे एक वाक्य कानावर पडते आणि लोक पावसाविषयी बोलू लागतात. आमच्या आईला ही गोष्ट फार लागली आहे. तिची भाटी, म्हणजे मांजरी, आषाढात गेली, आणि आता श्रावण सरत आला तरी या घरात तिचे नाव निघाल्याशिवाय दिवस मावळत नाही.

तिचे नाव ठिगळी. आंजर्ल्याच्या खाडीपासून थोड्या अंतरावर आमचे नारळ-सुपारीचे आगर आहे. तिथल्या मांगरात, म्हणजे आगरातल्या खोपटात, पेंढ्यावर, तिचा जन्म झाला त्याला आता पंधरा वर्षे होत आली. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस तुकडे पाहून आईने पहिल्याच दिवशी हे नाव ठेवले आणि ते बदलावे असे पुढे कुणालाही वाटले नाही. तिच्याबरोबरची पिल्ले बोक्याने मारली आणि ही एकटी वाचली, ती आईने माजघरात आणून कापसाच्या वातीने दूध पाजले म्हणून.

ती लाडाची होती असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाने हात लावलेला तिला खपत नसे आणि मलाही ती सुट्टीत आलेली पाहुणी समजे. तिचा सगळा व्यवहार आईशी आणि घराशी होता. पावसाळ्यात वैलाशेजारची ऊबदार जागा तिची, उन्हाळ्यात पडवीतल्या जात्याच्या बाजूची. खळ्यात आमसुले वाळत घातली की त्यांच्या बरोबर मध्यभागी बसायचे आणि आईने ओरडल्यावर उठायचे, हा दर वैशाखातला ठरलेला कार्यक्रम होता. आगर असलेल्या घरात उंदीर काय करतात हे इथल्या वाचकांना सांगायला नको. ते माडावर चढून कोवळे नारळ पोखरतात, म्हणून आम्ही खोडांना पत्रे ठोकले आहेत. पण घरातल्या कणगीला पत्रा ठोकता येत नाही. ठिगळी असेपर्यंत भाताच्या कणगीला भोक पडले नाही. कपडे धुण्याच्या दगडाखाली फुरसे बसले होते तेही तिच्यामुळेच कळले. शेपटी फुलवून ती त्या दगडापासून हात-दोन हात अंतरावर अशी खिळून उभी राहिली की आईने पाय मागे घेतला. तेव्हापासून आई तिला ‘आमची राखण’ म्हणत असे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या घराची अर्धी कौले उडाली आणि पोफळी तर काड्या मोडाव्या तशा मोडल्या. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घोंघावणाऱ्या त्या वाऱ्यात ठिगळी देवघराखालच्या फडताळात शिरली आणि वारा पूर्ण पडेपर्यंत बाहेर आली नाही. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. आगरात आडव्या पडलेल्या झाडांच्या जाळ्यात उंदीर-घुशींना रान मोकळे झाले होते आणि त्या काळात तिने जे काम केले, त्याची भरपाई कुठल्याही पंचनाम्यात बसणारी नव्हती.

गेल्या दोन वर्षांत ती पाणी फार पिऊ लागली आणि हळूहळू वाळत गेली. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी रक्त तपासून मूत्रपिंडाचा जुनाट विकार सांगितला. कातडीखाली सलाईन द्यायला आई या वयात शिकली. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून सुई घालताना तिचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर असे. आषाढातल्या एका पावसाळी सकाळी ठिगळी पडवीतच गेली. आगरात खड्डा घ्यावा तर सगळीकडे पाणी लागत होते, म्हणून वरच्या अंगाला रातांब्याच्या झाडाजवळ, जांभा लागेपर्यंत खणून तिला ठेवले.

आता प्रश्न असा आहे की पुढे काय करावे? वडिलधाऱ्यांच्या तसबिरींच्या ओळीत मांजराचा फोटो लावायला आईची तयारी नाही. काहीच न करणेही तिला पटत नाही. भाद्रपदात सर्वपित्री येईल, तेव्हा एखादे पान वाढावे का, असे तिने मला विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या घरी मांजर गेले तेव्हा आपण काय केलेत, ते कृपया लिहावे.

पळीपंचपात्र

आगरवाडीताई, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. आमचे घराणे भिक्षुकीचे असल्यामुळे पानाचा प्रश्न आधी घेतो.

श्राद्धाच्या वेळी जे पंचबळी काढतात, त्यांत गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंग्या यांचा वाटा असतो. मांजराचे नाव त्यात नाही. आपल्या लोककथेत मांजर श्राद्धाला येते ते टोपलीखाली झाकलेले. पूर्वजाने श्राद्धाच्या स्वयंपाकात तोंड घालू नये म्हणून घरचे मांजर झाकून ठेवले, आणि पुढच्या पिढ्यांनी घरात मांजर नसतानाही शेजारून मागून आणून ते टोपलीखाली झाकले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. विधीचा अर्थ विसरल्यावर काय होते हे सांगण्यासाठी ती सांगतात. पण मांजराच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ असाही निघतो की श्राद्धाच्या घरात ते नेहमीच होते आणि त्याला कुणी पान मात्र वाढले नाही.

असे असले तरी तर्पणाच्या शेवटी ‘आब्रह्मस्तंबपर्यंतम्’ म्हणून पाणी सोडतात. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत जे जे आहे, त्या सर्वांसाठी ते पाणी असते. त्यात आपली ठिगळी येते, आणि तिच्यासाठी वेगळा मंत्र शोधण्याची आवश्यकता नाही. मांजर गेल्याचे सुतक नसते. दुःख करण्यावर मात्र शास्त्राने कुठेही बंदी घातलेली नाही. सर्वपित्रीला मातोश्रींनी एक पान वाढून ते घरच्या किंवा वाडीतल्या कोणत्याही मांजरापुढे ठेवले, तर मला त्यात काहीही गैर दिसत नाही.

कातळसडा

मी थोडे कडू बोलणार आहे, त्याबद्दल राग नसावा. या धाग्यावर एका मांजराच्या पानाची चर्चा चालली आहे, आणि आमच्या बाजारात दर पावसाळ्याच्या तोंडी पोत्यात घालून आणलेली पिल्ले मासळीच्या ओट्यांजवळ सोडलेली असतात. ती सोडणारी माणसे वाईट नसतात; त्यांच्याही घरी एखादी लाडकी भाटी असतेच आणि ही तिचीच पिल्ले असतात. जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, पण त्यासाठी कुणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. आठवण ठेवायचीच असेल तर वाडीतल्या एका भाटीची शस्त्रक्रिया करून द्यावी. फोटो, पान, समाधी हे सगळे आपल्या मनाच्या समाधानासाठी असते.

आगरवाडी

कातळसडा, राग नाही. ठिगळीची शस्त्रक्रिया तिच्या पहिल्या वेतानंतर लगेच करून घेतली होती, त्यामुळे तिच्या नावावर बाजारात सोडलेले एकही पिल्लू नाही. परंतु ‘मनाच्या समाधानासाठी’ हे शब्द आपण ज्या सुरात लिहिलेत, तो सूर मला मान्य नाही. आईचे मन हा या धाग्याचा विषय आहे. ते समाधान पावावे म्हणूनच मी विचारते आहे. दोन्ही गोष्टी करता येतात, एक केली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

गोठाघर

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो. आयुष्य गाई-म्हशींत गेले, मांजरे शेवटच्या काही वर्षांत येऊ लागली. पूर्वी मांजराला दवाखान्यात आणलेले पाहून शेजारी बसलेला शेतकरी हसत असे. आता तसे राहिलेले नाही.

सर्वप्रथम आपल्या आईंसाठी. अशा वेळी ‘पाणी जास्त पिते हे मला आधी कळायला हवे होते’ हा विचार घरातल्या बाईच्या मनातून जात नाही, असा माझा अनुभव आहे. मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश कार्यक्षमता संपेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ घटक, सहसा वाढलेले दिसत नाही. मांजर आजार लपवते, आणि म्हाताऱ्या मांजरांत हा विकार इतका सर्रास आढळतो की पंधराव्या वर्षी तो होणे यात कुणाचीही हयगय नाही. त्यांनी कातडीखाली सलाईन देऊन जे केले, त्यामुळे तिच्या अखेरच्या काळातली मळमळ आणि अशक्तपणा नक्कीच कमी झाला असणार.

पुरण्याविषयी: आपण उंच जागा निवडलीत हे योग्य झाले. पावसाळ्यात आपल्याकडे भूजल इतके वर येते की सखल आगरात पुरलेले जनावर पाण्यातच राहते. खड्डा तीन फूट तरी असावा, विहिरीपासून दूर असावा, आणि वर जड जांभ्याचे चिरे ठेवावेत, कारण कोल्हे आणि भटकी कुत्री वास काढत येतात. जनावराभोवती कापड असेल तर सुती असावे, प्लास्टिक मुळीच नसावे. मीठ घालण्याची जुनी पद्धत आहे. ती पाळायची असल्यास पाळावी, पण रातांब्याच्या मुळांशी जास्त मीठ जाणार नाही एवढे पाहावे.

कातळसडा यांचा मुद्दा मला सुराशिवाय मान्य आहे. भाटी पाच-सहा महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षात दोन-तीन वेते होतात. हिशेब प्रत्येकाने आपल्या वाडीपुरता करावा.

आणि एक अवांतर, कारण ठिगळीचे वर्णन वाचून राहवत नाही. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबूस रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि काळा व तांबूस असे दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स लागतात. हे जनुक नेमके कोणते, हे जपानमधील आणि अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा आईंनी पहिल्या दिवशी रंग पाहून ठेवलेल्या नावात ती भाटी आहे हेही आलेले होते.

दाभोळखाडी

आमच्या नानीच्या घरी दाभोळला मांजरांना कुठेही मज्जाव नव्हता. ती दस्तरख्वानाच्या कडेला बसत आणि नमाजाच्या वेळी जानमाजवरही येऊन बसत. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, मांजराच्या उष्ट्या पाण्याला अपवित्र मानलेले नाही, कारण ती ‘तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी’ आहेत. ज्यांच्याकडून सर्वाधिक हदीस आलेल्या आहेत त्या सहाबींना, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्याला, जग अबू हुरैरा या नावाने ओळखते, आणि हे नाव त्यांना मांजराच्या पिल्लावरून मिळालेले आहे, ही गोष्ट नानी आम्हाला दर रमजानात सांगत असे.

तिची शेवटची मांजर गेली तेव्हा तिने कोणताही विधी केला नाही, कारण तसा काही विधी आमच्यातही नाही. मात्र मांजरीसाठी जो मासळीचा वाटा घरात येत होता तो तिने बंद केला नाही. रोज संध्याकाळी ती तो खाडीकडच्या पायऱ्यांवर ठेवत असे आणि जे मांजर येईल ते खाई. नानी गेल्यावर मामींनी ती पद्धत चालू ठेवली आहे. आता ती कोणत्या मांजरीच्या नावाने सुरू झाली हे घरातल्या मुलांना सांगावे लागते, पण वाटा चुकत नाही.

चाकरमानी

मुंबईत मांजर गेले की पहिला प्रश्न जागेचा येतो. इमारतीच्या आवारात फरशी, रस्त्यावर डांबर आणि बागेत पहारेकरी. आमचा बोका परळच्या पशु रुग्णालयात गेला. ते रुग्णालय १८८३ पासून आहे आणि तिथल्या बाकावर माझ्या शेजारी रडणारे गृहस्थ बैलगाडीच्या काळापासून तिथे कुणीतरी बसत आले असेल, असे म्हणाले. गावी न्यायचे म्हटले तरी रात्रभराचा प्रवास, म्हणून पुढचे सगळे मुंबईतच करावे लागले. खिडकीला त्याच्यासाठी बसवलेली जाळी मी अजून काढलेली नाही. आमची आठवण म्हणाल तर ती एवढीच.

पण धागा वाचून थोडे शोधले, ते लिहितो. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस या ठिकाणी सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले असून त्यात माणसापासून हातभर अंतराच्या आत एक मांजर पुरलेले आहे. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे इजिप्तच्या कितीतरी आधी कुणीतरी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. इजिप्तविषयी हेरोडोटसने लिहून ठेवले आहे की घरातले मांजर मेले की घरची माणसे भुवया भादरून टाकत. कुत्रा गेला तर सगळे अंग आणि डोके.

आपल्याकडे रायगडावर वाघ्याची समाधी आहे. तिच्या इतिहासाविषयी वाद आहेत आणि ते इथे आणू नयेत, पण कुत्र्याच्या स्मारकासाठी निदान वाद तरी होतो. मांजराच्या वाट्याला तेही येत नाही.

कातळसडा

भुवया भादरण्याची पद्धत आमच्या वाडीत सुरू केली, तर वर्षातून आठ महिने सगळी वाडी ओळखू न येण्यासारखी दिसेल. नाभिक मात्र श्रीमंत होईल.

आगरवाडीताई, सुराबद्दलचे आपले म्हणणे मी वाचले. दाभोळखाडी यांनी सांगितलेली पद्धत मला पटली. तिच्यात आठवणही आहे आणि कुठल्यातरी जिवंत मांजराच्या पोटात दोन घासही जातात.

डोलकाठी

आम्ही हर्णैचे. नवरा आणि दीर मासेमारीला जातात आणि मी लिलावानंतर मासळी घेऊन गावोगाव फिरते, आंजर्ल्यालाही येते. आगरवाडीताईंचे घर कोणते हे मी ओळखले आहे, पण इथे लिहीत नाही.

बंदरावरच्या मांजरांना नावे नसतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ती मांजरे बारीक होतात आणि ओट्यांवरून वस्तीत शिरतात. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी, भरून ठेवलेली सुकट त्यांच्यापासून राखायची म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांचे पूर्ण दिवसाचे काम असते. बंदी उठून नारळीपौर्णिमेनंतर बोटी नीट जाऊ लागल्या की त्यातली काही परत दिसतात, काही दिसत नाहीत. जी दिसत नाहीत त्यांच्याविषयी कुणी विचारत नाही, पण माझी सासू विचारते. ‘ती तुटक्या कानाची आली नाही गो यंदा’ असे ती म्हणते. एवढीच त्यांची आठवण, पण ती असते.

ताईंच्या आईंना मी चांगली ओळखते. माझ्या टोपलीतून त्या सुरमई घेवोत किंवा बांगडा, शेवटी मांदेलीचा एक लहान वाटा मागत आणि त्याचे पैसे वेगळे मोजून देत. मी कितीदा म्हटले की मांजरासाठी आहे तर तसेच घ्या, पण त्यांनी कधी फुकट घेतले नाही. ‘तिचे तिच्या नावावर असू दे’ असे म्हणत. श्रावणात त्यांच्याकडे मासळी नसते, त्यामुळे हाक मारली नाही याचे मला काही वाटले नाही. ती गेल्याचे मला इथे वाचून कळले.

आगरवाडी

डोलकाठीताई, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि घरखर्चाच्या वह्या घेऊन आली. आई रोजचा खर्च लिहिते हे मला ठाऊक होते, पण त्या वह्या उघडून पाहण्याचे कारण मला कधी पडले नव्हते. त्यात ठिकठिकाणी ‘मांदेली, ठिगळी’ असे लिहून पुढे रक्कम टाकलेली आहे. मासेमारी बंद असण्याच्या महिन्यांत ‘दूध, ठिगळी’. वादळानंतरच्या पानांवर कौले, पत्रे, मजुरी अशा मोठ्या रकमांच्या मध्येच ‘सुकट, ठिगळी’ अशी नोंद आहे आणि तिच्यापुढचा आकडा इतका लहान आहे की त्या पानावर तो लिहायचा राहिला असता तरी हिशेब चुकला नसता. शेवटच्या वहीत सलाईनच्या बाटल्या आणि सुया.

आई म्हणते की यात विशेष काही नाही, जे पैसे गेले ते लिहिले. मला मात्र असे वाटते की फोटोपेक्षा हे अधिक खरे आहे, कारण हे लिहिताना तिच्या मनात आठवण ठेवण्याचा हेतू नव्हता. घरात जे जे पोसले गेले त्याची नावे त्या वहीत आहेत: गडी, गाय, आम्ही भावंडे, शाळेची फी, आणि ठिगळी. पळीपंचपात्र यांनी म्हटले की पंचबळींत मांजराचे नाव नाही. आमच्या हिशेबात ते आहे.

त्या वह्या दर काही वर्षांनी बंबात जात असत. या वेळी मी त्या मागून घेतल्या आहेत आणि आईने दिल्या आहेत.

गोठाघर

वह्या पोफळीच्या पेटाऱ्यात ठेवू नका, वाळवी लागेल. पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला वाळवून घालून ठेवाव्यात.

सुकटीचा उल्लेख आला म्हणून म्हाताऱ्या मांजरांच्या घरच्यांसाठी एक सूचना करतो. खारवलेली सुकी मासळी मूत्रपिंडाच्या रुग्णाला देऊ नये. निरोगी मांजरालाही केवळ कच्च्या मासळीवर ठेवू नये, कारण अनेक माशांत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. मासे शिजवले की तो निष्प्रभ होतो. आणि उंदरांसाठी विषारी वड्या ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तो उंदीर शेवटी कुणाच्या तरी भाटीच्या तोंडी जातो. ब्रोमॅडिओलोनच्या बाबतीत वेळेवर आणले तर के-१ जीवनसत्त्व देऊन वाचवता येते. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही.

चाकरमानी

आगरवाडीताई, एक विचारतो. दुसरे पिल्लू आणण्याचा विचार आहे का? आमच्याकडे दोन तट आहेत. मुलगी आणू म्हणते, तर पत्नी म्हणते की इतक्या लवकर आणले तर गेलेल्याला पुसल्यासारखे होईल.

पळीपंचपात्र

चाकरमानी, मांजराच्या बाबतीत हा प्रश्न माणसाने सोडवायचा नसतोच. कोकणातल्या घरात मांजर आणावे लागत नाही. दार उघडे असले की एखादे येते आणि काही दिवसांनी ते आपले असल्याचे आपल्याला कळते. मुंबईत दार बंद असते, त्यामुळे तुम्हाला निर्णय घ्यावा लागतो. माझा कल तुमच्या मुलीकडे आहे.

आगरवाडी

आईचे म्हणणे असे की आगर आहे तोपर्यंत भाटी लागणार. उंदरांनी कणगीच्या बाजूला माती उकरायला सुरुवात केलीच आहे. ठिगळीच्या जागी म्हणून नाही, कामाला म्हणून आणू, असे ती म्हणते आणि मी तिला विरोध केलेला नाही. सर्वपित्रीला पान वाढण्याचे तिने ठरवले आहे. ते रातांब्याखाली न ठेवता मांगराजवळ ठेवणार आहे, म्हणजे वाडीतली मांजरे निर्धास्तपणे येतील. कातळसडा यांनी सुचवल्याप्रमाणे शेजारच्या भाटीची शस्त्रक्रियाही करून घेऊ. तिचे वेत नुकतेच झाले आहे, पिल्ले सुटी झाली की तालुक्याला नेऊ. शेजारच्या काकूंना समजावणे हेच त्यातले अवघड काम आहे.

डोलकाठी

ताई, बंदरावर आमच्या शेडमध्ये एका मांजरीची तीन पिल्ले आहेत. डोळे उघडून बरेच दिवस झाले, आता मासळी चाटू लागली आहेत. त्यातली एक मादी आहे, काळी, पोटाखाली पांढरी. आईंना हवी असेल तर गणपतीनंतर टोपलीतून घेऊन येते. त्याआधी आणत नाही, कारण तुमच्या वाडीत फटाके फार वाजतात आणि घरात पाहुण्यांची गर्दी असेल.

गोठाघर

तोपर्यंत पिल्लू आठ आठवड्यांचे झाले असेल तर पहिली लस देता येईल, आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी. त्याबरोबर जंतांचे औषधही द्यावे. बंदरावरची पिल्ले अंगाने काटक असतात, पण पोटात जंत असतातच.

आगरवाडी

डोलकाठीताई, आई हो म्हणाली आहे. काळी चालेल, असे तिने सांगितले आहे. पिल्लाचे पैसे घेणार असाल तरच आणा, नाहीतर नको, हाही तिचाच निरोप आहे.

डोलकाठी

मग सव्वा रुपया घेईन म्हणावे. वहीत लिहायला तेवढा पुरे.